वैद्य, सल्लागार, व्यावसायिक : अमेरिकेतील आयुर्वेदाची व्यवसायभाषा

एका भाषेतील साहित्यकृती दुसऱ्या भाषेत जाते तेव्हा काय घडते, याचा तौलनिक साहित्याभ्यासाने बारकाईने विचार केला आहे. एका समाजातील शास्त्र दुसऱ्या समाजात व्यवसाय म्हणून जाते तेव्हा त्याच्या भाषेचे काय होते, हा प्रश्न मात्र त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. शास्त्राच्या ग्रंथांचा अनुवाद होतो, त्याची नोंदही होते. परंतु शास्त्र जाणणाऱ्याचे पदनाम, त्याचे काम सांगणारी क्रियापदे, त्याच्यासमोर बसणाऱ्या माणसाची संज्ञा आणि दोघांमधील जबाबदारीची वाटणी यांचाही अनुवाद व्हावा लागतो. हा दुसरा अनुवाद कोणा एका अनुवादकाच्या हातचा नसतो. विधिमंडळे, न्यायालये, व्यावसायिक संघटना, औषध-उत्पादक आणि ग्राहक अशा अनेकांच्या व्यवहारातून तो सिद्ध होतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेल्या चार दशकांत आयुर्वेदाला आरोग्यसेवेतील एक व्यवसाय म्हणून उभे करण्याचे जे प्रयत्न झाले, ते या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत. प्रस्तुत लेखात त्या प्रयत्नांतून घडलेल्या व्यवसायभाषेचा विचार करावयाचा आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी चरकसंहितेतील एका विधानापासून आरंभ करता येईल. सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात आयुर्वेदाची दोन प्रयोजने सांगितली आहेत : निरोगी माणसाच्या स्वास्थ्याचे रक्षण आणि रोग्याच्या विकाराचे शमन. संहितेच्या दृष्टीने ही एकाच शास्त्राची दोन अंगे आहेत. अमेरिकेतील कायद्याने मात्र या विधानाचे जणू दोन तुकडे केले. पहिले प्रयोजन कोणालाही सांगता येते, शिकवता येते, विकताही येते. दुसरे प्रयोजन परवानाधारक डॉक्टराखेरीज इतरांना बहुतांशी वर्ज्य आहे. आयुर्वेदाच्या अमेरिकन परिभाषेतील अनेक वैशिष्ट्ये या विभाजनातून उद्भवली आहेत.

१. परवान्याची चौकट

अमेरिकेत वैद्यकीय व्यवसायाचे नियमन संघराज्य सरकारकडे नसून प्रत्येक राज्याकडे आहे. राज्याला असा परवाना सक्तीचा करता येतो, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८८९ साली ‘डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया’ या खटल्यात मान्य केले. १९१० मध्ये वैद्यकीय शिक्षणासंबंधीचा फ्लेक्सनर अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर प्रयोगशाळा व रुग्णालय यांवर आधारलेले शिक्षण हीच मान्यतेची कसोटी ठरली. या कसोटीस न उतरणाऱ्या अनेक संस्था बंद पडल्या. राज्यांच्या कायद्यांत ‘वैद्यकीय व्यवसाय’ या संज्ञेची व्याख्या सामान्यतः फार व्यापक असते : रोगाचे निदान करणे, त्यावर उपचार करणे, औषध लिहून देणे. ही कृत्ये परवान्यावाचून करणारा माणूस, त्याचा हेतू कितीही चांगला असला तरी, कायद्याने दोषी ठरू शकतो.

या चौकटीत इतर पद्धतींनी प्रवेश मिळवला तो राज्यागणिक लढून. कायरोप्रॅक्टिक या पद्धतीला कॅन्ससने १९१३ मध्ये कायद्याने मान्यता दिली. शेवटचे राज्य लुइझियाना, तेथे १९७४ साल उजाडावे लागले. ॲक्युपंक्चरला १९७३ मध्ये नेव्हाडाने स्वतंत्र व्यवसाय म्हणून मान्यता दिली आणि आज बहुतांश राज्यांत त्याचे परवाने दिले जातात. आयुर्वेदाचा परवाना मात्र अद्याप एकाही राज्यात दिला जात नाही. भारतातील बी.ए.एम.एस. पदवी घेऊन तेथे गेलेल्या वैद्यालाही त्या पदवीच्या आधारे वैद्यकीय व्यवसाय करता येत नाही.

या फरकामागे संख्याबळ, पैसा, संघटनेचे वय अशी कारणे आहेतच. त्याबरोबर एक कारण शास्त्राच्या रूपातही आहे. ॲक्युपंक्चरजवळ सुई हे एक दृश्य साधन आहे. त्वचेला छेद देणारे साधन हाती घेणाऱ्यावर राज्याला नजर ठेवावीशी वाटते, आणि नियमनाच्या त्या गरजेतूनच मान्यतेचा मार्ग निघतो. आयुर्वेदाचा मोठा भाग आहार, विहार, झोप, ऋतू आणि स्वयंपाकघरातील द्रव्ये यांविषयीच्या सल्ल्याचा आहे. जिरे, हळद, तूप यांविषयी बोलणाऱ्याला परवाना कशासाठी, असा प्रश्न विधिमंडळाला पडतो. शास्त्राची व्याप्ती अशा रीतीने त्याच्या मान्यतेच्या आड आली, असे म्हणता येईल.

२. पुणे ते न्यू मेक्सिको

आयुर्वेद अमेरिकेत पोहोचण्याच्या वाटा अनेक होत्या. महर्षी महेश योगी यांच्या ध्यानचळवळीतून १९८० च्या दशकात ‘महर्षी आयुर्वेद’ या नावाने एक प्रवाह आला. दीपक चोप्रा यांच्या पुस्तकांनी पुढील दशकात त्याला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. दुसरा एक प्रवाह पुण्याहून निघाला, आणि व्यवसायाच्या घडणीच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. पुण्यात आयुर्वेदाचे शिक्षण व अध्यापन केलेले वसंत लाड यांनी १९८४ मध्ये न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की येथे ‘दि आयुर्वेदिक इन्स्टिट्यूट’ ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी त्यांचे ‘आयुर्वेद : द सायन्स ऑफ सेल्फ-हीलिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. रॉबर्ट स्वोबोदा या अमेरिकन विद्यार्थ्याने १९८० मध्ये पुण्याच्या टिळक आयुर्वेद महाविद्यालयाची पदवी घेतली. भारतातील आयुर्वेद महाविद्यालयाचा पदवीधर झालेला तो पहिला पाश्चात्त्य मानला जातो. पुढे मार्क हॅल्पर्न यांनी १९९५ मध्ये ‘कॅलिफोर्निया कॉलेज ऑफ आयुर्वेद’ सुरू केले.

लाड यांच्या पुस्तकाच्या नावातच नव्या परिस्थितीची खूण दिसते. ‘सेल्फ-हीलिंग’ म्हणजे स्वतःच स्वतःला बरे करणे. चरकाने सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. यांत वैद्याचे स्थान प्रधान आहे. जेथे वैद्याला वैद्य म्हणून उभे राहता येत नाही तेथे त्याचे काम रोग्याकडे सोपवावे लागते. अमेरिकन समाजातील स्वावलंबनाची मूल्यदृष्टी या रचनेला अनुकूल होतीच. पुस्तक, कार्यशाळा आणि प्रकृतिपरीक्षणाची प्रश्नावली ही या काळातील प्रमुख माध्यमे ठरली. थोडक्यात, आयुर्वेद प्रथम वाचकांपर्यंत पोहोचला. रुग्णांपर्यंत पोहोचण्याचा प्रश्न त्यानंतरचा.

वाचकांसाठी झालेल्या या अनुवादात मूळ संज्ञांना नवे अर्थ चिकटले. ‘दोष’ या शब्दाचे उदाहरण बोलके आहे. टी. ए. वाइज यांनी १८४५ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वात, पित्त, कफ यांचे आकलन ग्रीक वैद्यकातील ‘ह्यूमर’ या संकल्पनेच्या आधारे केले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द मागे पडला आणि ‘एनर्जी’, ‘बॉडी टाइप’ यांसारखे शब्द पुढे आले. ‘दोष’ हा शब्द ‘दुष्’ या धातूपासून आला आहे. स्वतः बिघडणे आणि इतरांस बिघडवणे हा त्याचा गाभा. नव्या वापरात तो व्यक्तिमत्त्वाचा प्रकार सांगणारा शब्द झाला. ‘माझा दोष पित्त आहे’ असे वाक्य अमेरिकन वाचक सहज, काहीशा अभिमानानेही उच्चारतो. मराठी भाषकाला ते विचित्र वाटेल, कारण मराठीत पित्त ‘होते’, ‘उठते’, ‘खवळते’. प्रकृतीची विचारपूस हा तर मराठीतील नित्याचा शिष्टाचार आहे. ‘प्रकृती कशी आहे?’ या प्रश्नात जन्मजात घडण आणि आजचे स्वास्थ्य हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मराठीत घटना म्हणून बोलले जाणारे पित्त अमेरिकन इंग्रजीत ओळख म्हणून बोलले जाऊ लागले. स्वास्थ्यरक्षणाच्या मर्यादेत राहणाऱ्या भाषेला ओळख चालते. रोगाच्या घटनेविषयी बोलताना मात्र ती अडखळते.

३. निषिद्ध क्रियापदे

१९९४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने आहारपूरक पदार्थांसंबंधीचा कायदा संमत केला. वनस्पतिजन्य पदार्थांची विक्री या कायद्याने सुकर झाली. औषधाला लागणारी पूर्वमान्यता त्यांना लागत नाही. मात्र त्यासाठी भाषेची एक अट आहे. हे पदार्थ शरीराच्या रचनेवर वा कार्यावर कोणता परिणाम करतात, हे सांगता येते. रोगाचे नाव घेता येत नाही. असे विधान करणाऱ्या वेष्टनावर एक ठरावीक मजकूर छापावा लागतो. संबंधित विधानाची अन्न व औषध प्रशासनाने तपासणी केलेली नाही, आणि हा पदार्थ कोणत्याही रोगाचे निदान करण्यासाठी, त्यावर उपचार करण्यासाठी, तो बरा करण्यासाठी वा टाळण्यासाठी नाही, असा त्याचा आशय असतो.

या मजकुरातील चार क्रियापदे चरकसंहितेशेजारी ठेवून पाहावीत. संहितेचे १२० अध्याय आठ स्थानांत विभागलेले आहेत. त्यांपैकी एका स्थानाचे नाव निदानस्थान, दुसऱ्याचे चिकित्सास्थान. चिकित्सास्थानाचे एकट्याचे ३० अध्याय आहेत. कायद्याने वर्ज्य ठरवलेली कृत्ये म्हणजे संहितेची ही शीर्षकेच होत. मोकळे राहिले ते मुख्यतः सूत्रस्थानातील आहारमात्रा आणि ऋतुचर्येचे अध्याय. त्रिफळा ‘पचनक्रियेस साहाय्य करते’ असे लिहिता येते. ती अमुक रोगावर द्यावी असे लिहिता येत नाही. अश्वगंधा ‘तणावाच्या काळात शरीराला आधार देते’. त्यापलीकडचे वाक्य बेकायदेशीर ठरते.

परिणामी एक विशिष्ट शैली जन्माला आली. ‘साहाय्य करणे’, ‘आधार देणे’, ‘संतुलन राखणे’, ‘प्रोत्साहन देणे’ ही तिची मुख्य क्रियापदे होत. रोगाची जागा ‘असंतुलन’ या शब्दाने घेतली. असंतुलन ही संकल्पना शास्त्रातील ‘दोषवैषम्य’ या संकल्पनेशी जुळते, हे खरे; म्हणूनच हा अनुवाद प्रामाणिकही वाटतो आणि सोयीचाही ठरतो. तथापि शास्त्रात दोषवैषम्य हा रोगाच्या विचाराचा आरंभ आहे. त्यापुढे निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती अशी पाच पायऱ्यांची परीक्षा येते. प्रमेहाचे प्रकार कोणते, त्यांतील कोणता साध्य व कोणता असाध्य, हे वैद्याने ओळखावे अशी अपेक्षा असते. असंतुलनावर थांबणारी भाषा साध्यासाध्यतेच्या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाही. मधुमेहाच्या माणसाला ‘तुमचा कफ वाढला आहे, अग्नी मंद आहे’ असे सांगणे हे निदान आहे की नाही? कायद्याच्या भाषेत कदाचित नाही; ऐकणाऱ्याच्या मनात मात्र ते निदानच असते. अमेरिकेतील आयुर्वेदाच्या व्यवसायापुढील खरी अडचण या दोन उत्तरांमधील अंतरात आहे.

४. पदनामांची उतरंड

या अंतराची जाणीव व्यवसायातील धुरिणांना होती. १९९८ मध्ये ‘नॅशनल आयुर्वेदिक मेडिकल असोसिएशन’ ही संघटना आकारास आली. शिक्षणसंस्थांचे अभ्यासक्रम एकमेकांशी जुळवणे, कामाच्या कक्षा ठरवणे, आचारसंहिता तयार करणे, पुढे प्रमाणपत्र परीक्षा घेणे ही कामे तिने अंगावर घेतली. राज्याने परवाना देण्याआधीच व्यवसायाने स्वतःला शिस्त लावून घ्यावी, म्हणजे परवान्याची मागणी उद्या अधिक बळकट होईल, अशी ही दृष्टी आहे. ॲक्युपंक्चरच्या बाबतीतही स्वेच्छेने चालणारे राष्ट्रीय प्रमाणन आणि राज्यांची मान्यता यांनी एकमेकांना साहाय्य केल्याचे दिसते.

संघटनेने व्यवसायाच्या तीन पायऱ्या आखल्या : ‘आयुर्वेदिक हेल्थ कौन्सेलर’, ‘आयुर्वेदिक प्रॅक्टिशनर’ आणि ‘आयुर्वेदिक डॉक्टर’. पहिल्या पायरीसाठी किमान ६०० तासांचे शिक्षण अपेक्षित आहे. पुढील पायऱ्यांवर तास वाढत जातात आणि प्रत्यक्ष अनुभवाचे प्रमाणही वाढते. पहिल्या पायरीवरील व्यक्तीने स्वास्थ्यरक्षणापुरते मर्यादित राहावे, विकाराच्या शमनाचा विचार वरच्या पायऱ्यांवर व्हावा, अशी ही वाटणी आहे. चरकाच्या विधानातील दोन प्रयोजने येथे एका शिडीच्या पायऱ्या बनली आहेत. कायद्याने तोडलेले दोन तुकडे पुन्हा सांधण्याचा हा प्रयत्न होय.

पदनामांची निवडही विचारपूर्वक झालेली दिसते. ‘वैद्य’ हा शब्द ‘विद्’ या धातूशी नाते सांगतो : जाणणारा तो वैद्य. हा शब्द तेथील सामान्य माणसाला काही सांगत नाही. ‘डॉक्टर’ हा शब्द सगळे सांगतो, किंबहुना गरजेपेक्षा अधिक सांगतो, आणि अनेक राज्यांत त्याच्या वापरावर कायद्याचे निर्बंध आहेत. ‘कौन्सेलर’ म्हणजे सल्लागार. त्यात जाणण्यापेक्षा बोलण्याला महत्त्व आहे. ‘प्रॅक्टिशनर’ हा शब्द केवळ कृती सांगतो, कृतीचा विषय सांगत नाही. समोरच्या माणसालाही ‘पेशंट’ न म्हणता ‘क्लायंट’ म्हटले जाते. या शब्दाला मराठी प्रतिशब्द योजताना त्याचे स्वरूप स्पष्ट होते. वकिलाकडे जातो तो अशील, दुकानात जातो ते गिऱ्हाईक, वैद्याकडे जातो तो रोगी. ‘क्लायंट’ यांपैकी पहिल्या दोघांच्या जवळचा आहे. वैद्य आणि रोगी यांच्यातील नाते येथे सेवा देणारा आणि सेवा घेणारा यांच्यातील कराराचे झाले आहे.

तासांच्या गणनेमागे आणखी एक प्रश्न दडला आहे. भारतात बी.ए.एम.एस.चा अभ्यासक्रम एक वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा आहे आणि त्यात रुग्णालयातील काम अनिवार्य आहे. अमेरिकेतील विद्यार्थ्याला अशा रुग्णालयाचा आधार नाही. त्याच्यासमोर येणारी माणसे बहुधा दीर्घकालीन, सौम्य तक्रारींची असतात. तीव्र विकार डॉक्टरकडे जातात, आणि जावेतही. सुश्रुताने केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ कर्म जाणणारा या दोघांनाही अपुरे मानले आहे. शल्यकर्माचा सराव कोहळ्यासारख्या फळांवर आधी करावा, असे सांगणारा हा आचार्य हाताच्या शिक्षणाला किती महत्त्व देतो हे प्रसिद्धच आहे. परवाना नाही म्हणून रुग्णालय नाही, रुग्णालय नाही म्हणून अनुभव अपुरा, अनुभव अपुरा म्हणून परवाना नाही, असे हे चक्र आहे. काही संस्थांनी विद्यार्थ्यांना भारतात पाठवून ते अंशतः भेदले. पूर्णतः ते अद्याप भेदले गेलेले नाही.

५. शपथ आणि निवेदन

परवाना न देता व्यवसायाला वाट करून देण्याचा एक वेगळा मार्ग काही राज्यांनी शोधला. मिनेसोटाने २००० मध्ये केलेल्या कायद्यात परवाना नसलेल्या पूरक आरोग्यसेवांची जी यादी दिली तीत आयुर्वेदाचे नाव आहे. कॅलिफोर्नियाचा कायदा २००३ च्या आरंभी अमलात आला. न्यू मेक्सिकोने असा कायदा २००९ मध्ये केला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार परवाना नसलेल्या व्यावसायिकाला काही गोष्टी सर्वथा वर्ज्य आहेत : शस्त्रक्रिया, त्वचेला छेद देणे, क्ष-किरणांचा वापर, डॉक्टरी चिठ्ठीवरची औषधे देणे, आणि डॉक्टराने सुरू केलेले औषध बंद करण्याचा सल्ला देणे. या मर्यादा पाळून सेवा देणाऱ्याने क्लायंटला लेखी निवेदन द्यावयाचे असते. आपण परवानाधारक डॉक्टर नाही, ही सेवा पर्यायी वा पूरक आहे, राज्याने तिला परवाना दिलेला नाही, तिच्यामागचा सिद्धान्त अमुक आहे आणि आपले शिक्षण अमुक झाले आहे, हे त्यात नमूद करावे लागते. निवेदन क्लायंटला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे. त्यावर त्याची सही घेऊन ती तीन वर्षे जपून ठेवावी लागते.

साहित्यप्रकार म्हणून या निवेदनाकडे पाहिले असता त्याचे वेगळेपण ध्यानात येते. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात गुरू शिष्याला अग्नीच्या साक्षीने जो उपदेश करतो, तो आयुर्वेदातील व्यवसायनीतीचा मूळ पाठ होय. रोग्याचे अहित चिंतू नये, त्याच्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत, जाणकार असूनही ज्ञानाची बढाई मारू नये, अशा आज्ञा त्यात आहेत. राजाचा रोष झालेल्यांवर उपचार करू नयेत, पती वा पालक जवळ नसलेल्या स्त्रियांवर उपचार करू नयेत, असे आजच्या न्यायबुद्धीस न पटणारे निर्बंधही त्यात आहेत. या पाठाची रचना मात्र अर्थपूर्ण आहे : बोलणारा गुरू, ऐकणारा शिष्य, साक्षी अग्नी, रोगी तेथे उपस्थित नाही, तरी सारी बांधिलकी त्याच्याशी आहे. अमेरिकन निवेदनात बोलणारा व्यावसायिक आहे, ऐकणारा व सही करणारा रोगी आहे, आणि साक्षी आहे तो कागद. पहिला पाठ ‘मी काय करीन’ याचा आहे. दुसऱ्याचा मोठा भाग ‘मी काय नाही’ याचा आहे.

यावरून पहिला पाठ श्रेष्ठ आणि दुसरा हीन, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. निवेदनाने रोग्याला माहितीचा अधिकार दिला, जो प्राचीन पाठात नाही. शिक्षण किती तासांचे झाले आहे हे विचारण्याची सोय संहिताकाळातील रोग्याला अशा स्वरूपात नव्हती. मात्र सही घेतल्यानंतर निवडीचे ओझेही त्याच्याकडे सरकते. खरे-खोटे पारखण्याचे काम शास्त्राने मुख्यतः राजाकडे व वैद्यसमाजाकडे दिले होते. वैद्याने राजाच्या अनुज्ञेने व्यवसाय सुरू करावा असे सुश्रुत सांगतो, आणि कुवैद्य माजतो तो राजाच्या दोषामुळे, असेही तो बजावतो. आधुनिक भाषेत सांगावयाचे तर परवाना ही राज्याची जबाबदारी आहे, हा विचार आयुर्वेदाला परका नाही.

६. सौम्य शब्द, जड धातू

भाषेचा हा प्रश्न केवळ परिभाषेपुरता असता तर त्याची एवढी चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बोस्टन परिसरातील दक्षिण आशियाई किराणा दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. २००८ मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या दुसऱ्या अभ्यासात इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ उत्पादनांची तपासणी झाली. सुमारे २१ टक्के उत्पादनांत हे धातू सापडले, आणि अमेरिकेत तयार झालेली व भारतात तयार झालेली उत्पादने यांच्यातील प्रमाण जवळपास सारखेच होते. रसशास्त्रीय कल्पांत ते सुमारे ४१ टक्के, तर इतरांत सुमारे १७ टक्के होते.

रसशास्त्रात धातूंचा वापर हेतुपुरस्सर असतो. शोधन व मारण या संस्कारांनी धातू सेवनयोग्य होतो असा त्या शास्त्राचा दावा आहे. आधुनिक विषशास्त्राच्या कसोटीवर हा दावा सिद्ध झालेला नाही, आणि शिशाची बाधा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. येथे पाहावयाचे ते असे, की अमेरिकन ग्राहकाच्या दृष्टीने आयुर्वेद म्हणजे ‘हर्बल’ आणि ‘नॅचरल’. या दोन शब्दांत भस्मांना जागाच नव्हती. त्यामुळे धोक्यालाही नाव नव्हते. मराठी घरांत ‘मात्रा’, ‘भस्म’, ‘पथ्य’, ‘अनुपान’ हे शब्द परिचित आहेत, आणि त्यांत सावधगिरीचा एक संस्कार आहे : मात्रा चुकली तर अपाय होतो, पथ्य मोडले तर औषध बाधते. हा संस्कार धातूंच्या विषारीपणापासून संरक्षण देतो असे मुळीच नाही. पण औषध ही जपून घ्यावयाची गोष्ट आहे, एवढे भान त्यात टिकून राहते. सौम्य अनुवादाने हे भान पुसले.

फ्रान्सिस झिमरमन यांनी १९९२ मधील एका निबंधात पंचकर्माविषयी याच स्वरूपाचे निरीक्षण मांडले होते. वमन, विरेचन, रक्तमोक्षण यांतील उग्रता गाळून मृदू, सुगंधी आयुर्वेद पाश्चात्त्यांपुढे ठेवला जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते. अभ्यंग आणि शिरोधारा पुढे आल्या, वमन मागे पडले. जीन लँगफोर्ड यांचा २००२ मधील ग्रंथ आणि डॅगमार वुयास्तिक व फ्रेडरिक स्मिथ यांनी २००८ मध्ये संपादित केलेला जागतिक आयुर्वेदावरील संग्रह यांनी ही चर्चा पुढे नेली आहे. आहारपूरक पदार्थांच्या उत्पादनासाठी अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये निर्मितीविषयक नियम जारी केले, ही या काळातील जमेची बाजू. पण कारखान्यातील शुद्धतेचे नियम सल्ला देणाऱ्याच्या पात्रतेची जागा घेऊ शकत नाहीत.

७. मायदेशातील घडण

अमेरिकेतील या प्रक्रियेकडे पाहताना मूळ आयुर्वेद भारतात अबाधित राहिला आणि परदेशात तो बदलला, असा समज होण्याचा संभव आहे. इतिहास त्यास दुजोरा देत नाही. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये नाशिक येथे वैद्यसंमेलन भरले आणि त्यातून अखिल भारतीय संघटना उभी राहिली. १९३८ च्या मुंबई कायद्याने वैद्यांच्या नोंदणीची सोय केली. १९७० च्या कायद्याने शिक्षण एका केंद्रीय परिषदेच्या अखत्यारीत आले आणि २०२० च्या कायद्याने त्या परिषदेची जागा राष्ट्रीय आयोगाने घेतली. या प्रत्येक टप्प्यावर गुरुकुलातील शिक्षण महाविद्यालयीन झाले, पाठांतराची जागा प्रश्नपत्रिकेने घेतली, आणि ‘वैद्यबुवा’ रुग्णांच्या तोंडी ‘डॉक्टर’ झाले. शब्दांची अदलाबदल येथेही झाली. फरक इतकाच की भारतात राज्यसंस्थेने व्यवसायाची जबाबदारी, कितीही अपुरी का होईना, स्वतःकडे घेतली. अमेरिकेत ती खासगी संघटनेवर आणि सही करणाऱ्या क्लायंटवर राहिली.

आंतरराष्ट्रीय पातळीवर परिभाषा स्थिर करण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आयुर्वेद-शिक्षणाचे निकष प्रसिद्ध केले. जानेवारी २०२४ मध्ये नवी दिल्ली येथे रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतील एक नवा विभाग जाहीर झाला. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी या पद्धतींतील विकारांच्या संज्ञांना त्यात संकेतांक मिळाले. संकेतांक मिळणे म्हणजे उपचार गुणकारी ठरणे नव्हे; त्यांचा उपयोग नोंद व गणना यांसाठी आहे. तरीही भाषेच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची आहे. ‘असंतुलन’ या सैल शब्दाऐवजी विकाराला पुन्हा नाव मिळण्याची शक्यता तिच्यामुळे निर्माण झाली. अमेरिकेने मात्र हे अकरावे वर्गीकरण अद्याप व्यवहारात आणलेले नाही. तेथे २०१५ पासून दहाव्या आवृत्तीचे देशी रूप चालू आहे.

८. समारोप

परवाना हवा की नको, याविषयी अमेरिकेतील आयुर्वेदाच्या क्षेत्रातही एकमत नाही. परवान्याने शिक्षणाचा दर्जा सुधारेल, विम्याचे दार उघडेल, रुग्णाला तक्रारीसाठी जागा मिळेल, असे एक मत. खर्च वाढेल, लहान शिक्षणसंस्था मोडतील, पदवी नसलेले परंतु अनुभवी जाणकार बाहेर फेकले जातील, असे दुसरे. दोन्ही मतांत तथ्य आहे आणि निर्णय प्रत्येक राज्याला स्वतंत्रपणे करावा लागेल.

भाषेच्या अभ्यासकाला या वादात एक गोष्ट स्पष्टपणे मांडता येईल. मान्यता नसलेल्या शास्त्राला जगण्यासाठी सौम्य शब्द घ्यावे लागले आणि त्या शब्दांनी त्याला लोकप्रियता दिली. परंतु व्यवसाय म्हणून उभे राहण्यासाठी लागणारी वाक्ये निराळी असतात : हा विकार अमुक आहे, तो माझ्या कक्षेत नाही, यासाठी तातडीने रुग्णालयात जावे, या कल्पात अमुक द्रव्य आहे, ही चूक माझी आहे. या वाक्यांत रोगाचे नाव येते, मर्यादेचा स्वीकार येतो आणि बोलणाऱ्यावर दायित्व येते. चरकाने वैद्यांचे प्राणांचे रक्षण करणारे आणि रोगांना साहाय्य करणारे असे दोन वर्ग केले आहेत. वेष आणि शब्द या दोघांचेही सारखे असू शकतात. दुसऱ्याला तर वैद्याची भाषा अधिकच लीलया बोलता येते, याची चरकाला पूर्ण जाणीव होती. म्हणून शब्दांवर न थांबता शास्त्र, कर्म आणि अनुभव यांची परीक्षा करावी, असा त्याचा आग्रह आहे. अमेरिकेतील आयुर्वेदाच्या व्यवसायाला आज जी परीक्षा द्यावयाची आहे तीही याहून वेगळी नाही. ती घेण्याची सोय कोण करणार, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत निवेदनाच्या कागदावर सही करणाऱ्या रोग्यालाच परीक्षकाचेही काम करावे लागणार आहे.